वाकळ पांघरलेली गाडी

पुण्याहून निघाले तेव्हा नवरा फाटकापाशी उभा राहून गाडीकडे बघत होता. "पोचेल ना ही?" त्याने विचारलं. आमची डिझेल गाडी जुनी आहे हे खरं, पण तिच्याबद्दल कोणी वाईट बोललेलं मला खपत नाही. "पोचेल," मी म्हणाले, "आणि तुझ्यासारखी दर तासाला चहाही मागणार नाही." तो हसला, पण टायरवर एक लाथ मारून बघायची ती बघितलीच.

काम नाजूक होतं. माझे नामदेवमामा घनसावंगीजवळ शेतातल्या वस्तीवर राहतात. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली, जालना जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दर हिवाळ्यात मामा आपल्या शेतातला हुरडा (ज्वारीचे कोवळे, दुधाळ दाणे) घेऊन बहिणीकडे जातात आणि तिच्या अंगणात स्वतः भाजून तिला खाऊ घालतात. एखादी भाऊबीज चुकली तर चालेल, हुरडा चुकायचा नाही. मावशीची अट मात्र कडक. कणसं दहिवरात (दवात) कापलेली हवीत आणि ऊन तापायच्या आत तिच्या दारात यायला हवीत. सुकलेलं कणीस ती हातात धरत नाही, आणि दुसऱ्याच्या शेतातला हुरडा तिला हुरडा वाटतच नाही.

इतकी वर्षं मामा मोटारसायकलवर जायचे. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगा नोकरीला हैदराबादेत, आणि एसटी बदलत बदलत जायचं तर कणसं वाटेतच वाळणार. शेवटी त्यांनी मला फोन केला. "शैले, दाणा भरून राह्यलाय. चार-आठ दिसांत टणक होईल. तुही गाडी रिकामी हाय का?" हुरड्याला कोण नाही म्हणतं? मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

नगर, शेवगाव, गेवराई करत शहागडपाशी गोदावरी ओलांडली आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे वडीगोद्रीला आले. रस्त्याकडेच्या हॉटेलात गरम भजी घेतली. हॉटेलवाल्याने विचारलं, "ताई, गाव कोणतं?"

"पुणे."

"ते न्हाई. गाव कोणतं?"

मग मी मामांचं नाव सांगितलं, तसा त्याचा चेहरा उजळला आणि बशीत दोन भजी जास्त पडली. पुणे हे गाव असू शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही कधीकधी नसतो.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मामीने बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी पुढे ठेवली. जेवण झाल्यावर मामांनी बांधावर आगटी (गवऱ्या पेटवून कणसं भाजायचा खड्डा) केली. निखाऱ्यात खुपसलेली गूळभेंडी ज्वारीची कणसं काढायची, हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि तळव्यावरचे हिरवे दाणे तसेच तोंडात टाकायचे. बोटं भाजतात, पण थांबवत नाही. मी किती खाल्ला ते विचारू नका.

"उद्या पहाटं निघायचं," मामा म्हणाले. "अक्का वाट बघून राह्यली."

गाडी लिंबाखाली उघड्यावर उभी होती. तिला काही होईल असं माझ्या मनातही आलं नाही.

पहाटे थंडीने दातावर दात वाजत होते. मामा-मामींनी कणसं कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून तयार ठेवली होती. मी ऐटीत बसले आणि किल्ली फिरवली. समोर वेटोळ्याचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला, विझला. स्टार्टर दिला. गाडी घरघरली. पुन्हा दिला, पुन्हा घरघरली. मागून पांढरा धूर निघाला, कच्च्या डिझेलचा वास सुटला, पण इंजिन काही पेटेना. पुण्यात ती इमारतीच्या तळघरात उबेला झोपते. उघड्या रानातली पहाट तिने बिचारीने कधी बघितलीच नव्हती.

मराठवाड्यात गाडी बंद पडली की माणूस फार वेळ एकटा राहत नाही. बघता बघता आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं जमली आणि प्रत्येकाने आपलं निदान सांगितलं. डिझेलात पाणी गेलं. पाइपात हवा धरली. बॅटरी बसली. मामी म्हणाली, "नजर लागली. काल कशी चमकत आल्ती!" आणि तिने मीठ-मोहऱ्या आणून बॉनेटवरून उतरवल्यासुद्धा. एकजण तर आगटीतले निखारे घमेल्यात घेऊन आला. इंजिनखाली ठेवायचे म्हणे, ट्रकवाले करतात. मी दोन्ही हात पसरून गाडीच्या आडवी उभी राहिले. शेवटी शेजारचे गौतमभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले, दोर बांधला आणि गाडी वस्तीभोवती फिरवली. कितव्यातरी हिसक्याला ती खोकली आणि सुरू झाली. मग अशी शांत चालायला लागली, जणू काही घडलंच नव्हतं.

पण तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. मामांनी गोणपाटात हात घातला, एक कणीस काढून नखाने दाणा दाबला आणि सगळी कणसं म्हशीपुढे टाकली. त्या वस्तीवर त्या सकाळी खूश अशी एक म्हैसच होती.

मावशीला फोन लावला. मामा ओरडून बोलतात, त्यामुळे फोनचा खरं तर उपयोग नसतो. "अक्का, आज येणं न्हाई होत. गाडीला थंडी वाजली!"

पलीकडून मावशी तितक्याच जोरात म्हणाली, "मंग वाकळ (जाड गोधडी) घालायची न्हाई का तिच्यावर? तुला एवढंबी कळत न्हाई?" आणि थोडं थांबून हळू आवाजात, "नामू, यंदा राह्यलं तर राह्यलं."

मामांनी फोन खिशात ठेवला. "राह्यलं कसं? अजून दोन-तीन दिस दाणा मऊ हाय," ते मला म्हणाले, पण बघत होते शेताकडे. मला फार वाईट वाटलं. गाडी माझी, ऐट माझी, आणि हुकला तो या दोघांचा हुरडा. मी म्हणाले, "मामा, बसा गाडीत. आज हिला बरी केल्याशिवाय मी जेवणार नाही." मामीने लगेच भाकरी बांधून दिली, कारण माझ्या प्रतिज्ञा तिला ठाऊक आहेत.

वडीगोद्रीला कालच्याच हॉटेलवाल्याने रऊफ मिस्त्रींचं गॅरेज दाखवलं. मिस्त्री म्हणजे बोलका माणूस. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. उसाचा भाव, नव्या गाड्यांचे तकलादू पत्रे, पुण्याची वाहतूक, सगळं झाल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं.

"दिवसा सुरू होती?"

"एका झटक्यात."

"आन् पहाटं पांढरा धूर?"

"हो."

"मंग पंप न्हाई, बॅटरीबी न्हाई. हिटर प्लग गेले, ताई. बिलकुल."

मग त्यांनी समजावलं. पेट्रोलच्या गाडीसारखी डिझेलला ठिणगी लागत नाही, ते आतल्या तापलेल्या हवेनेच पेटतं. गार इंजिनात ती हवा तापायला मदत करतो तो हिटर प्लग. चार खोल्यांचं (सिलिंडरचं) इंजिन, प्रत्येक खोलीत एक प्लग. ते मेले की कडाक्याच्या थंडीत गाडी नुसती धूर ओकत बसते.

"पण दिवा तर लागतो आणि विझतो!" मी वाद घातला. मी उगाच हार मानत नाही.

"दिवा फक्त टाइम बघतो. प्लग गरम झाला का, त्याला काय मालूम?"

आमच्या कचेरीतल्या शिपायाची आठवण झाली. साहेब आत आहेत की नाहीत हे न बघता तोही ठरलेल्या वेळाने "जा आता आत" म्हणतो.

मिस्त्रींनी प्लगवरची पट्टी काढली, बॅटरीपासून एक छोटा बल्ब जोडला आणि त्याची तार एकेका प्लगला लावून बघितली. पहिल्याला बल्ब लागला नाही. दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. चौथ्याला लागला. एका प्लगच्या जिवावर आमच्या गाडीबाई पुण्यात मिरवत होत्या!

नवे प्लग जालन्याहून मागवावे लागणार होते. मिस्त्रींनी दुकानाला फोन केला आणि काळीपिवळीवाल्याच्या (वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीपच्या) हाती पुडकं सांगितलं. आम्ही बाजेवर बसून मामीची भाकरी खाल्ली, मोसंबी सोलली, हमरस्त्यावरून जाणारे ट्रक बघितले. जीप आली, पुडकं उघडलं आणि मिस्त्रींचा आवाज चढला. प्लग भलतेच लांब, कुठल्यातरी मालवाहू गाडीचे निघाले. मिस्त्रींनी फोनवर दुकानदाराची खरडपट्टी काढली. त्याच्या उत्तरावरून असं निघालं की गाडीचं नाव मिस्त्रींनीच चुकीचं सांगितलं होतं. त्यावर मिस्त्री मफलर सारखा करत म्हणाले, "नेटवर्कच बराबर न्हाई इथं." दुसरं पुडकं एसटीच्या कंडक्टरने आणून दिलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आता खरी परीक्षा होती. वर्षानुवर्षं आत बसलेला प्लग काढताना तुटला, तर त्याचा तुकडा इंजिनातच राहतो, आणि मग वरचं अख्खं हेड उतरवावं लागतं. म्हणजे आठवडाभर गाडी इथे, आणि हुरडा गेला. मिस्त्रींनी इंजिन आधी चांगलं गरम करून घेतलं, प्लगच्या बुडाशी तेल सोडलं आणि पाना लावला. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याने "कर्र" असा आवाज केला आणि मिस्त्रींचा हात तिथेच थांबला.

मामा टायरवर बसले होते ते उठून उभे राहिले. "जोर लावू का मी?"

"बिलकुल न्हाई! काका, तुम्ही खाली बसा," मिस्त्री म्हणाले. "रुसलंय लोखंड. चहा पिऊन येऊ."

मला वाटलं थट्टा करतात, पण ते खरंच पाना ठेवून चहाला गेले, आणि आम्हालाही नेलं. मामांनी चहा बशीत ओतला आणि तसाच गार केला. परत येऊन मिस्त्रींनी पुन्हा थोडं तेल सोडलं. किंचित पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे असं करता करता तो प्लग निघाला. मी टाळ्या वाजवल्या. चौथ्याला हात लावायला मिस्त्री तयारच होईनात. "चालू हाय ना तो? मंग झोपलेल्याला कशाला उठवायचं?" नवा चौथा मी सामानाच्या कप्प्यात ठेवून दिला.

बसवण्याआधी त्यांनी एक नवा प्लग पकडीत धरला आणि बॅटरीच्या तारेला टेकवला. पेन्सिलीएवढी ती कांडी, तिचं टोक बघता बघता लालबुंद झालं. मामा वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून विडी काढली आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या टोकावर पेटवली.

"ओ काका, पार्ट हाय तो, माचीस न्हाई!" मिस्त्री ओरडले.

मामा धूर सोडत माझ्याकडे वळले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "शैले, ही तर आगटी हाय. बारकी आगटी! आधी ती पेटती, मंग हुरडा."

वस्तीवर परतल्यावर मी गाडी त्याच लिंबाखाली लावली. तोंड धुऊन येते तर बॉनेटवर मामांची जाड वाकळ, आणि मामी तिची टोकं आत खोचतेय. "मामा, आता याची गरज नाही," मी म्हणाले. "असू दे. अक्का म्हणली व्हती," मामांनी उत्तर दिलं. त्यापुढे कुठल्याही मिस्त्रीचं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आले आणि चकित झाले. गौतमभाऊ ट्रॅक्टरसकट हजर होते, आणि सगळ्या वस्त्यांवरचे पुरुष कानटोप्या घालून धक्का मारायला उभे होते. मामांनी संध्याकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. विश्वास आपल्या जागी, तयारी आपल्या जागी. वाकळ दवाने चिंब झाली होती. ती काढून डिकीत टाकली, कणसं आत ठेवली, मामा शेजारी बसले. मी किल्ली अर्धी फिरवली. पिवळं वेटोळं लागलं. मी थांबले. सगळे थांबले. दिवा विझला, स्टार्टर दिला, आणि गाडी पहिल्याच हाकेला उठली.

मला वाटलं आता जल्लोष होईल. पण माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. "आँ? मंग आम्ही कशाला उठलो?" एकजण म्हणाला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एवढ्या थंडीत वाकळ सोडून यायचं आणि गाडीला हात न लावता परत जायचं? शेवटी त्यांनी सुरू असलेल्या गाडीलाच मागून हात लावला आणि हसत, ओरडत मला रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. मीही ब्रेकवर पाय ठेवला नाही.

अंबड गेलं, जालना गेलं. उजाडताना राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले. भोकरदनच्या पुढे कपाशीच्या काळ्या पऱ्हाट्या, मध्येच गव्हाचे हिरवे तुकडे. मामा दर थोड्या वेळाने मागे हात घालून गोणपाट चाचपत होते. "ओलं हाय," ते म्हणायचे, आणि मी गाडी थोडी आणखी दामटायचे.

मावशी अंगणात बाजेवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. खड्डा खणून, गवऱ्या रचून तयार होत्या. तिने आमच्याकडे बघायच्या आधी गोणपाटाकडे बघितलं, एक कणीस घेतलं आणि त्यावरचं पाणी बोटाने निपटलं. मग नखाने दाणा दाबला. दूध आलं. मामा उभे होते, परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे.

"थोडा टणक झालाय," मावशी म्हणाली. "पर चालंल."

आणि मग तिने जो खाल्ला! मामा भाजत होते, चोळत होते, तिच्या पदरात टाकत होते. ती गूळ-शेंगदाण्यांबरोबर, दह्याबरोबर, पिंपळगावच्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खात होती. दात थोडेच उरलेत, पण त्यांनी पूर्ण काम केलं. मध्येच मी तिला जुना मेलेला प्लग दाखवला. तिने तो उलटासुलटा करून बघितला. "एवढ्याशा खिळ्यापायी माझा हुरडा अडला व्हता?" ती म्हणाली आणि प्लग चुलीमागच्या कोनाड्यात ठेवून दिला. का ठेवला ते मी विचारलं नाही.

दुपारी रेणुकाईचं दर्शन घेऊन आले. बहीणभाऊ तसेच अंगणात बसले होते. कधीकाळी मेलेल्या कुठल्याशा बैलाबद्दल भांडत होते, दोघंही मजेत. सूर्य मावळल्यावर मामा सवयीने वाकळ घेऊन गाडीकडे निघाले, तर मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की नामू. आमच्या इकडं कुठं एवढी थंडी हाय?"

तिच्या अंगावर तेव्हा दोन शाली होत्या.

सकाळी निघायची वेळ झाली. मामांनी पिशवी भरली, चपला घातल्या आणि ते गाडीत बसले. मावशी काठी टेकत गाडीपर्यंत आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. माझ्याशी ती बोलत नव्हती, मामांशीही नव्हती. तिचं सगळं लक्ष माझ्या हातातल्या किल्लीवर होतं. "लई धुकं पडल्तं रातभर," ती पुटपुटली. "गाडी गार पडली आसंल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल संध्याकाळी वाकळ का नको होती ते कळलं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला, विझला. स्टार्टर मी दिलाच नाही. किल्ली काढून घेतली आणि तोंड जमेल तितकं लांब केलं.

"मावशी, नाही उठत गं ही. पुन्हा थंडी वाजली वाटतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. साधी घरघरसुद्धा झाली नव्हती, हे त्यांच्या कानांना कळत होतं. खाली उतरून त्यांनी चपला काढल्या, त्या दाराशी नीट ठेवल्या आणि म्हणाले, "मंग उद्याच बघू."

"म्या म्हणलं न्हवतं?" मावशीचा आवाज एकदम खणखणीत झाला. काठी टेकत ती घरात गेली आणि वाकळ घेऊन आली. मी मदतीला गेले तर हात झटकून टाकला. ऊन वर येऊन बॉनेट चांगलं कोमट झालं होतं. त्यावर तिने वाकळ पसरली, चारी बाजूंनी दाबली आणि लेकराला थोपटावं तसं दोनदा थोपटलं. मग आत वळून सुनेला ओरडून सांगितलं, "नामू आज इथंच हाय! वांगी चिर!"

पुण्याला पोचल्यावर नवऱ्याने पुन्हा टायरवर लाथ मारून बघितली. "मग, काढला का काही त्रास हिने?" मी सगळं सांगितलं, मिस्त्रींच्या नेटवर्कपासून म्हशीपर्यंत. पिंपळगावच्या त्या सकाळचं तेवढं माझ्यापाशी ठेवलं. पूर्वी तळघरात मी किल्ली एका दमात फिरवायचे, त्या पिवळ्या वेटोळ्याकडे बघायचेही नाही. आता ते विझेपर्यंत रोज थांबते. माणसाला काय, यंत्राला काय, पेटण्याआधी थोडी ऊब लागते, आणि ती द्यायला वेळ नाही असं म्हणणारी मी कोण मोठी लागून गेले?

परवा मामांचा फोन आला. नेहमीसारखेच ओरडत होते. "शैले, अक्का इचारती, पुढल्या साली येशील ना? आन् तुह्या गाडीला थंडी वाजती का अजून?"

"वाजते म्हणून सांगा," मी म्हणाले.